नाक्सोसहून शेजारच्या शांत बेटांवर एका दिवसाची सहल: आधी परतीची बोट बघा, मग जाण्याची

ग्रीसला निघालेली मराठी मंडळी आता सांतोरिनी आणि मिकोनोसच्या जोडीला नाक्सोसही घेतात, हे छानच आहे. नाक्सोसला मुक्काम पडला की दक्षिणेपासून पूर्वेपर्यंत पसरलेली छोटी बेटं नकाशावर दिसतात: इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी, दोनूसा. त्यांना ‘लहान सिक्लाडीस’ म्हणतात. गर्दी नाही, गाड्या मोजक्या, पाणी काचेसारखं. मग आखणीत एक ओळ पडते, ‘सकाळी कुफोनिसी, संध्याकाळी परत’.

ओळखीतल्या लोकांच्या अशा आखण्या मी बरीच वर्षं तपासून देतो आहे. बहुतेकांत चूक एकच असते. जाण्याची बोट शोधलेली असते, परतीची गृहीत धरलेली असते. पुढचं सगळं त्या एका चुकीपासून वाचवण्यासाठी लिहिलं आहे. क्रमही मुद्दाम असाच ठेवला आहे, तो बदलू नका.

## टप्पा १: सहलीचा दिवस ठरवा, पण शेवटचा नव्हे

नाक्सोसला चार रात्री असतील तर ही सहल दुसऱ्या दिवशी करा. पहिल्या दिवशी बंदरावर चौकशी होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला तर तिसरा दिवस हाताशी राहतो. चौथा दिवस मोकळाच ठेवायचा.

लोक नेमकं उलट करतात. नाक्सोस पाहून झालं, आता एक दिवस उरला आहे तर बेटावर जाऊन येऊ, असा विचार असतो. दुसऱ्या दिवशी अथेन्सची बोट असते आणि तिथून रात्रीचं मुंबईचं विमान. वाऱ्यामुळे परतीची बोट रद्द झाली की एका सहलीपायी घरापर्यंतची सगळी तिकिटं हातची जातात.

इशारा: सहल आणि विमान यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. तेवढा नसेल तर ही सहल सोडून द्या आणि नाक्सोसच्याच दक्षिण टोकाला दिवस काढा.

महिन्यांचं म्हणाल तर मेअखेर ते जून आणि पूर्ण सप्टेंबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये बोटी जास्त असतात, पण ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वाराही ऐन जोरात असतो. ऑक्टोबर सुरू झाला की सहलीच्या बोटी झपाट्याने कमी होतात.

## टप्पा २: परतीची बोट शोधा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाक्सोसहून या बेटांकडे तीन प्रकारच्या बोटी जातात. तिन्हींचा हेतू वेगळा, म्हणून वेळाही वेगळ्या.

पहिली, स्थानिकांची बोट. ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी फेरी इथल्या लोकांची जुनी सोबतीण. ती अमोर्गोस बेटावरची आहे. सकाळी लवकर अमोर्गोसहून निघते, वाटेत कुफोनिसी, स्खिनूसा, इराक्लिया घेत नाक्सोसला येते, आणि दुपारी त्याच वाटेने परत फिरते. कारण उघड आहे. छोट्या बेटांवरच्या लोकांना डॉक्टर, बँक, सामानसुमान यांसाठी सकाळी नाक्सोसला यायचं असतं आणि दुपारी घरी परतायचं असतं. आता आपल्या बाजूने बघा. आपल्याला सकाळी नाक्सोसहून *जायचं* आहे आणि संध्याकाळी नाक्सोसला *यायचं* आहे. म्हणजे ही बोट आपल्या बरोबर उलट्या दिशेने चालते. दुपारी तिच्यात बसलात तर परतीला तीच बोट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल, आणि मध्ये रविवार आला तर कदाचित तेव्हाही नाही. बेटावर एक रात्र राहणार असाल तर मात्र हिच्यासारखी बोट नाही.

दुसरी, मोठ्या कंपन्यांच्या फेऱ्या. यांतल्या वेगवान बोटी कुफोनिसीला पाऊण तासाच्या आसपास पोचवतात. काही दिवशी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची जोडी जुळते, काही दिवशी जुळत नाही. वेळापत्रक वाराप्रमाणे बदलतं. मंगळवारी जुळलेली जोडी बुधवारी असेलच असं नाही. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून येणाऱ्या मोठ्या, संथ बोटी नाक्सोसला बऱ्याचदा रात्री उशिरा लागतात आणि मग पुढे छोट्या बेटांकडे जातात. त्या एका दिवसाच्या सहलीच्या कामाच्या नाहीत.

तिसरी, खास सहलीची बोट. ही सकाळी नेते, एक-दोन बेटं किंवा किनारे दाखवते आणि त्याच दिवशी परत आणते. तिकीट महाग पडतं, पण परतीची काळजी बोटवाल्याची. पहिल्यांदाच जात असाल, सोबत लहान मुलं किंवा सत्तरीचे आईवडील असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: हीच बोट घ्या.

आता कागदावर या क्रमाने लिहा:

१. बेटावरून परतीची *शेवटची* बोट, त्या तारखेची.
२. तिच्या *आधीची* बोट. अशी बोट नसेल तर तसं लिहा, म्हणजे धोका डोळ्यांसमोर राहील.
३. मग जाण्याची बोट.

### फळ्यावरची वेळ वाचताना

गेल्या जूनमध्ये कुफोनिसीच्या धक्क्यावर पुण्याचं एक कुटुंब भेटलं. संध्याकाळचे सात वाजत आले होते. आजी दोरखंड बांधायच्या लोखंडी खुंट्याला टेकून बसल्या होत्या, मुलगी ओले टॉवेल वाळवत होती आणि वडील पुन्हा पुन्हा फोनमधला फोटो मोठा करून पाहत होते. तिकीट-खिडकीबाहेरच्या फळ्यावर हाताने लिहिलेलं वेळापत्रक होतं ते. सव्वासातची बोट, पुढे दोन ग्रीक अक्षरं. पहिलं अक्षर गणितातलं ‘पाय’, दुसरं ‘म्यू’. त्यांनी ते ‘पी.एम.’ वाचलं होतं. समुद्रावर एकही बोट नव्हती.

ग्रीकमध्ये ‘पाय-म्यू’ म्हणजे ‘प्रो मेसिम्व्रियास’, दुपारच्या *आधी*, अर्थात सकाळ. दुपारनंतरसाठी ‘म्यू-म्यू’ लिहितात, ‘मेता मेसिम्व्रिया’. बोट सकाळी सव्वासातला निघून गेली होती, पुढची दुसऱ्या दिवशी. जवळच्या तावेर्नातल्या, म्हणजे खानावळीतल्या, बाईंनी दोन खोल्या मिळवून दिल्या म्हणून रात्र निभावली. सांतोरिनीच्या हॉटेलचे त्या रात्रीचे पैसे मात्र गेले.

वारांचंही तसंच. ग्रीक मोजणी रविवारपासून सुरू होते. ‘देफ्तेरा’ म्हणजे दुसरा, तो सोमवार. ‘त्रिती’ म्हणजे तिसरा, तो मंगळवार. ‘तृतीय’ आठवलं की शब्द चटकन ओळखू येतो, पण मराठी माणूस सोमवारपासून मोजतो आणि त्रितीला बुधवार समजतो. ‘तेतार्ती’ बुधवार, ‘पेम्प्ती’ गुरुवार, ‘पारास्केवी’ शुक्रवार, ‘सावातो’ शनिवार, ‘किरियाकी’ रविवार.

तपासा: परतीची तारीख, वार आणि वेळ तिन्ही तिकीट-एजंटला बोट ठेवून दाखवा आणि चोवीस तासांच्या घड्याळात लिहून मागा. १९:१५ लिहिलं की शंका राहत नाही.

## टप्पा ३: बेट एकच निवडा

एका दिवसात तीन बेटं ‘करायची’ हौस सोडा. सहलीची बोटच दोन ठिकाणी थांबत असेल तर गोष्ट वेगळी. फेरीने जाणार असाल तर एकच बेट.

कुफोनिसी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. ‘वरचं कुफोनिसी’ सपाट आहे. वस्ती धक्क्याला लागूनच आहे आणि दक्षिण किनाऱ्याने पायवाट जाते. फिनिकास, फानो, इतालिदा हे किनारे एकापाठोपाठ लागतात आणि तासाभराच्या चालीवर पोरीचा अर्धगोल किनारा येतो. वाटेत खडकात कोरलेली नैसर्गिक तळी आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी उन्हाळ्यात धक्क्यावरून छोटी होडी या किनाऱ्यांवर आणि समोरच्या ‘खालच्या कुफोनिसी’ला नेते. त्या होडीची परतीची वेळही आधी विचारा.

समोर दिसणारं मोठं डोंगराळ बेट म्हणजे केरोस. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सिक्लाडिक संस्कृतीचं ते महत्त्वाचं स्थळ. ते संरक्षित आहे, तिथे उतरायला मनाई आहे. कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणालं तरी जाऊ नका.

इराक्लिया चालणाऱ्यांसाठी. आयिओस योर्गोस बंदरापासून लिवादीचा किनारा वीस-पंचवीस मिनिटांवर. संत योहानाची गुहा पाहायची असेल तर आधी पानायिया गाव गाठायचं आणि तिथून पुढे तासाभराहून जास्त डोंगरवाट. गुहेचं तोंड बुटकं आहे, रांगत आत जावं लागतं आणि विजेरी हवीच. परतीला किमान सात तास हातात असतील तरच हा बेत करा, नाहीतर लिवादीवर समाधान माना.

स्खिनूसा सगळ्यात निवांत. मेर्सिनी बंदरातून होरा गावापर्यंत किलोमीटरभर चढ आहे. उन्हात सोपा वाटणार नाही. गावाखाली त्सिगूरीचा किनारा. इथल्या शेतातली फावाची डाळ नावाजलेली आहे.

दोनूसा एका दिवसात करू नका. ते नाक्सोसच्या पूर्वेला, बाकीच्यांपासून सुटं, उघड्या समुद्रात आहे. बोटी कमी, वारा जास्त. तिथे जायचं तर दोन रात्री काढा.

## टप्पा ४: वारा बघा, तोही परतीच्या वेळेचा

इथे पाऊस सहल बुडवत नाही, वारा बुडवतो. आपल्याकडे ‘समुद्र खवळला’ म्हणताना काळे ढग डोळ्यांपुढे येतात. इथल्या एजियन समुद्रात आकाश निळंभोर, ऊन लख्ख आणि बोटी बंद, असं खुशाल होतं. हॉटेलच्या गच्चीतून समुद्र शांत दिसला म्हणून निघू नका. गच्ची आडोशाला असते.

ग्रीसमध्ये सगळे वाऱ्याचा जोर ‘बोफोर्ट’ या मापात मोजतात. फोनवरच्या ॲपमध्ये ताशी किलोमीटर किंवा नॉट दिसतात. म्हणून हे टिपून ठेवा:

- ४ बोफोर्ट: ताशी २० ते २८ किमी. निघा.
- ५ बोफोर्ट: ताशी २९ ते ३८ किमी. मोठी फेरी चालेल. ज्यांना बोट लागते त्यांनी विचार करावा.
- ६ बोफोर्ट: ताशी ३९ ते ४९ किमी. छोट्या बोटीची सहल मी रद्द करतो.
- ७ बोफोर्ट: ताशी ५० ते ६१ किमी. बोटी रद्द होतील असं धरूनच चाला.
- ८ बोफोर्ट: ताशी ६२ ते ७४ किमी. मोठ्या फेऱ्याही बंदरात उभ्या राहतात.

वारा ठरावीक जोराच्या पुढे गेला की तटरक्षक दल बोटी सोडायला बंदी घालतं. मर्यादा बोटीच्या प्रकाराप्रमाणे बदलते, छोट्यांना ती आधी लागू होते. बंदरावर एकच शब्द ऐकू येतो, ‘अपागोरेफ्तिको’. तो कानावर पडला की वाद घालून उपयोग नाही.

आता नाक्सोसची एक खास गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. मुख्य बंदर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वरच्या बाजूला आहे. छोटी बेटं खाली आग्नेयेला. मेल्तेमी उत्तरेकडून येतो. म्हणजे सकाळी जाताना वारा आणि लाटा मागून येतात, बोट तरंगत गेल्यासारखी जाते आणि सगळे म्हणतात, “काहीच नाही, उगाच घाबरवलं.” संध्याकाळी तोच वारा समोरून येतो. त्यातून मेल्तेमी बहुतेकदा दुपारी जोर धरतो, आणि नाक्सोस आणि शेजारचं पारोस बेट यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीत तो आणखी चेपला जाऊन वेग घेतो. बोटीचं नाक वर उचलून आपटत येतं. सकाळच्या अनुभवावरून परतीचा अंदाज बांधू नका.

वारा कसा बघायचा:

१. दोन दिवस आधी ग्रीसच्या हवामान खात्याचा सागरी अंदाज आणि आपल्या फोनमधलं वाऱ्याचं कोणतंही एक ॲप, दोन्ही पाहा. ‘पोसायडन’ या ग्रीक सागरी अंदाज यंत्रणेच्या नकाशांवर लाटांची उंची दिसते.
२. आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहा. दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेचा आकडा लिहा. ठरवायचं ते या आकड्यावरून, सकाळच्या नव्हे.
३. वाऱ्याच्या सरासरीशेजारी झोतांचा वेगळा आकडा असतो, तोही बघा.
४. दुसऱ्या दिवसाचा अंदाज वाढता आहे का? असेल तर आजची शेवटची बोट चुकली की उद्याही अडकायची शक्यता आहे.

इशारा: परवान्याशिवाय भाड्याने मिळणाऱ्या ३० अश्वशक्तीपर्यंतच्या छोट्या मोटरबोटी ग्रीसमध्ये ठिकठिकाणी दिसतात. त्या किनाऱ्याजवळ फिरण्यासाठी असतात. त्या घेऊन दुसऱ्या बेटावर जायचा विचारही करू नका, पोहायला कितीही येत असलं तरी.

### वारा जास्त असेल तर पर्यायी बेट

पारोसला मुक्काम असेल तर अँटिपारोस हा सोपा बेत आहे. पारोसच्या पूंदा धक्क्यावरून गाड्या नेणारी फेरी दहाएक मिनिटांत पलीकडे सोडते आणि दिवसभर फेऱ्या चालू असतात. तिथून आणखी शांतता हवी असेल तर अँटिपारोसच्या नैऋत्येला आयिओस योर्गोसहून छोटी होडी देस्पोतिको या निर्मनुष्य बेटावर नेते. तिथे अपोलोचं प्राचीन देवस्थान उत्खननात सापडलं आहे. सावली आणि पिण्याचं पाणी सोबत न्या. मीलोसला असाल तर पोलोनियाहून अर्ध्या तासात किमोलोस गाठता येतं.

## टप्पा ५: तिकीट

फेरीचं तिकीट काढाल तेव्हा *दोन्ही* तिकिटं एकदम काढा. छोट्या बोटींत जागा मर्यादित असतात आणि ऑगस्टमध्ये परतीची बोट भरते. नाव पासपोर्टप्रमाणे. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळ्या कंपन्यांचं असू शकतं, म्हणून दोन्हींवर बोटीचं नाव गोल करून ठेवा. धक्क्यावर वेळ बघून नव्हे, बोटीचं नाव बघून चढायचं असतं.

सहलीच्या बोटीचं तिकीट मात्र आदल्या संध्याकाळी, अंदाज बघून काढा. काढण्याआधी चार प्रश्न विचारा:

- वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?
- कोणत्या बेटावर किती *तास*? ‘बेट दाखवतो’ म्हणजे कधीकधी फक्त समोरून जाणं.
- किनाऱ्यावर धक्क्याला लागते, की पाण्यात उतरून पोहत जावं लागतं? आईवडील सोबत असतील तर सगळं यावरच ठरतं.
- जेवण बोटीवर आहे का, आणि शाकाहारी?

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक फार महत्त्वाचं. नाक्सोस ते कुफोनिसी हा ग्रीसमधलाच प्रवास, व्हिसाचा प्रश्न येत नाही, ओळख म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. पण पुढेमागे कोस, रोड्स किंवा सामोसला गेलात तर तिथल्या बंदरावर ‘एका दिवसाची सहल’ या पाटीखाली बोद्रुम, मार्मारिस, कुशादासीची तिकिटं विकतात. ती तुर्कस्तानातली गावं आहेत. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर त्या बोटीत बसताच तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि संध्याकाळी परत आत येता येत नाही. सामान ग्रीसच्या हॉटेलात आणि तुम्ही पलीकडे.

## टप्पा ६: पिशवी

आदल्या रात्री भरा. पाठीवरची एकच पिशवी, दोन्ही हात मोकळे.

- पाणी माणशी दीड ते दोन लिटर. छोट्या बेटांवर नळाचं पाणी पिऊ नका.
- रोख युरो, सुटे धरून. कार्ड चालतं, पण बेटावरचं यंत्र किंवा एटीएम बंद असेल तर अडायला नको.
- पासपोर्ट, आणि व्हिसाच्या पानाचा फोटो फोनमध्ये.
- उलटीची गोळी. आपल्याकडची अव्होमिन घेत असाल तर बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. तिने झोप येते. रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असणाऱ्यांनी भारतातूनच डॉक्टरांना विचारून यावं.
- *दोन दिवसांची* नेहमीची औषधं. अडकलात तर हीच सगळ्यात आधी लागतात. बेटांवर छोटा दवाखाना असतो, पण तुमची नेमकी गोळी तिथे मिळेल असं धरू नका.
- वाऱ्यात उडणार नाही अशी टोपी, पातळ जाकीट, फोनचा चार्जर.
- दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. पहिल्या बोटीने निघालात तर नाश्त्याची वेळ चुकते, आणि रिकाम्या पोटी बोट जास्त लागते.

आणीबाणीचे क्रमांक फोनमध्ये घाला. आपल्याला १०८ म्हणजे रुग्णवाहिका एवढंच पाठ असतं. ग्रीसमध्ये १०८ तटरक्षक दलाचा आहे. रुग्णवाहिका १६६. काहीच आठवलं नाही तर ११२.

## टप्पा ७: धक्का आणि बोट

सकाळी निघण्याआधी एजंटला किंवा बंदर कार्यालयाला विचारा: “एही प्लिओ सिमेरा?” आज बोट आहे का? उत्तरात ‘ने’ ऐकून खट्टू होऊ नका. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओही’.

नाक्सोसच्या बंदरात मोठ्या फेऱ्यांचा धक्का वेगळा आणि छोट्या व सहलीच्या बोटींची जागा वेगळी. तिकीट घेतानाच विचारून एकदा पायी पाहून या. अर्धा तास आधी तिथे हजर राहा.

फेरी कशी लागते हे एकदा नीट समजून घ्या. बोट पाठमोरी धक्क्याकडे येते. साखळ्या खडखडतात, मागचा लोखंडी दरवाजा खाली येऊन धक्क्याला टेकतो, आतून आधी उतरणारी माणसं, मग मोटारी, आणि लगेच चढणारे. छोट्या बेटांवर हे सगळं काही मिनिटांत आटोपतं. दरवाजा पूर्ण टेकायच्या आतच तो वर घ्यायची तयारी सुरू असते. बेट आलं की जागेवरून उठू असं म्हणत बसलात तर पुढच्या बेटावर उतराल. घोषणा झाली की खाली, गाड्यांच्या मजल्यावर येऊन उभं राहायचं. आजीआजोबांना दहा मिनिटं आधी हलवा, जिने उभे असतात.

बसायचं ते बोटीच्या मध्याजवळ किंवा मागच्या बाजूला, जमेल तेवढं खालच्या मजल्यावर, नजर क्षितिजावर. फोन खिशात. वेगवान बोटींवर बहुधा आतच बसावं लागतं, उघडा डेक मिळत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी वेळ जास्त गेला तरी संथ बोट घ्यावी.

तपासा: बेटावर पाय ठेवल्याबरोबर, समुद्राकडे धाव घेण्याआधी, तिथल्या एजंटकडे जाऊन परतीची वेळ पुन्हा विचारा. रोज. प्रत्येक वेळी.

## टप्पा ८: बेटावरचा वेळ उलटा मोजा

परतीची बोट १८:३०ला. म्हणजे १८:००ला धक्क्यावर. पोरीहून तासाभराची चाल, म्हणजे १६:४५ला तिथून निघायचं. जेवण करायचं तर त्याला दीड तास. ग्रीक तावेर्ना घाई करत नाही, बिल मागितल्याशिवाय आणत नाही. हे सगळं वजा करून उरलेला वेळ पोहण्याचा. फोनवर निघायच्या वेळेचा गजर लावा.

उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेले किनारे शांत मिळतात. कुफोनिसीला फिनिकास आणि फानो त्यासाठीच चांगले. दुपारी १२ ते ४ सावलीत काढा. किनाऱ्यावरच्या आर्मिरिकीच्या झाडांखालची जागा लवकर भरते.

शाकाहारींनी फावा मागवावा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वरून ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. शिवाय गिगान्तेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ, आणि उकडलेली पालेभाजी ‘होर्ता’. भरलेले टोमॅटो, ‘येमिस्ता’, मागवताना खिमा नाही ना, हे आवर्जून विचारा.

## टप्पा ९: बोट आलीच नाही तर

आधी कारण कळून घ्या. उशीर आहे की रद्द? वारा की बिघाड? कारणावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

युरोपीय संघाचा २०१० सालचा सागरी प्रवासी हक्कांचा नियम ग्रीसमध्ये लागू आहे. नियमित फेरी रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर तुम्हाला निवड मिळते: पर्यायी बोटीने जाणं किंवा तिकिटाचे पैसे परत घेणं. रात्र काढावी लागली तर किनाऱ्यावरच्या राहण्याचा खर्च कंपनीने द्यायचा असतो, माणशी एका रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री. पण रद्द होण्याचं कारण धोकादायक हवामान असेल तर राहण्याचा खर्च मिळत नाही. आणि सहलीच्या बोटींना हा नियम लागूच नाही. टप्पा ५ मधला पहिला प्रश्न त्यासाठीच आहे.

मग या क्रमाने हालचाल करा:

१. एकाने एजंटकडे जाऊन तिकीट पुढच्या बोटीवर करून घ्यायचं. रांग तिथेच लागते, उशीर केलात तर पुढची बोटही भरते.
२. दुसऱ्याने त्याच वेळी खोली शोधायची. ‘दोमातिया’ म्हणजे खोल्या. तावेर्नात, किराणा दुकानात सरळ विचारा, बेटावर सगळे एकमेकांना ओळखतात.
३. नाक्सोसच्या हॉटेलला फोन करून खोली सोडलेली नाही, असं सांगा.
४. तिकिटावर रद्द झाल्याची नोंद किंवा एजंटकडून चिठ्ठी घ्या. प्रवास विमा असेल तर हा कागद लागतोच.
५. पहाटेच्या बोटीसाठी रात्रीच धक्का पाहून ठेवा आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहून घ्या.